चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि डाळ-पन्हं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडवा झाला की माझ्याकडे फोन सुरू होतात. डाळ किती भिजवू, पन्हं आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल का, वहिनींचे यजमान गेल्या वर्षी गेले तर त्यांना बोलवू की नको. आई-सासू जवळ नसलेल्या नव्या मुली विचारतात तशा पन्नाशीतल्या बायकाही विचारतात. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. घरोघरच्या रीती वेगळ्या असतात. तुमच्याकडे आजीने काही वेगळं घालून दिलं असेल तर तेच करा. माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. हे उन्हाळ्यातल्या संध्याकाळचं, घटकाभराचं, थंडाव्याचं बोलावणं आहे; ते आटोपशीर ठेवा. आणि दार सगळ्यांना उघडं ठेवा.

हे हळदीकुंकू नेमकं कधी करायचं?

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिची बोळवण होते. महिनाभर ती माहेरपणाला आलेली असते. या महिन्यातला कुठलाही दिवस चालतो. मंगळवार-शुक्रवार धरण्याची रीत आहे, पण हल्ली बहुतेकींना शनिवार-रविवारच सोयीचा पडतो आणि त्यात काही गैर नाही.

इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि अक्षय्य तृतीया १० मेला होती. २०२५ मध्ये त्याच तिथी ३० मार्च आणि ३० एप्रिलला आल्या. त्यामुळे कॅलेंडर बघूनच दिवस ठरवा. मला स्वतःला रामनवमीनंतरचा आठवडा सगळ्यात बरा वाटतो. कैरी भरलेली असते, आंबटपणा पुरता आलेला असतो, आणि ज्यांच्याकडे रामाचं नवरात्र असतं त्याही मोकळ्या झालेल्या असतात. अगदी अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबलात तर त्या दिवशी प्रत्येक घरी गोडाधोडाचं जेवण असतं आणि संध्याकाळी कुणालाच भूक नसते.

संध्याकाळी किती वाजता बोलवावं? जेवायला थांबवायचं का?

साडेपाच ते साडेसात. मुंबई-पुण्यात एप्रिलच्या मध्याला सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो, त्यामुळे ऊन उतरल्यावर येऊन दिवेलागणीनंतर निघता येतं. नोकरी करणाऱ्यांसाठी आठपर्यंत वेळ ठेवा, पण आमंत्रणातच तसं सांगा, म्हणजे कुणी धावतपळत येत नाही.

जेवायला थांबवायचं नाही. हे जेवणाआधीचं खाणं आहे. येणारी बाई त्याच संध्याकाळी आणखी दोन घरी जाणार असते, आणि घरी जाऊन तिला स्वयंपाकही उरकायचा असतो. पुलाव, छोले, दहीवडे असा बेत मांडला की डाळ-पन्ह्याची चव जाते, यजमानीण दोन दिवस राबते, आणि पुढच्या वर्षी दुसरीला वाटतं की आपल्याला एवढं जमणार नाही, तर करायलाच नको. असं होत होत कितीतरी घरांतलं हळदीकुंकू बंद पडलं. तुमच्या घरच्यांसाठी रात्रीला मुगाची खिचडी नाहीतर पिठलं-भात ठेवा. खिचडीचे डाळ-तांदूळ दुपारीच काढून ठेवले तर आठ वाजता फक्त कुकर लावायचा उरतो.

आमंत्रण फोनवर दिलं तर चालतं का?

चालतं. पूर्वी मुलींना घरोघर पाठवत, "आईने संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलावलंय" एवढं सांगायला. आता व्हॉट्सॲपवर निरोप जातो. तरी माझं एक सांगणं आहे : शेजारच्या आणि वयाने मोठ्या बायकांना दारात जाऊन सांगा. ग्रुपवरचा निरोप सगळ्यांना असतो, त्यामुळे आपल्याला खास बोलावलं असं कुणालाच वाटत नाही.

कोणाला बोलवायचं? नवरा नसलेल्या बाईला बोलावलं तर चालेल का?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि तो नेहमी दबक्या आवाजात येतो.

बोलवा. आणि नुसतं पन्हं प्यायला बोलावून कोपऱ्यात बसवू नका. इतरांना लावता तसं हळदकुंकू लावा, गजरा द्या, ओटी भरा. ज्या बाईने तीस वर्षं या घरी येऊन डाळ खाल्ली, ती एका वर्षात परकी होत नाही. तिच्या घरात दुःख आहे त्याच वर्षी तिला माणसांची गरज असते, आणि नेमकी तेव्हाच आपण तिला वगळत आलो. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं.

फक्त आदल्या दिवशी एकटीशी बोलून घ्या. "काकू, तुम्ही यायचंच, आणि मी तुम्हाला कुंकू लावणार आहे, चालेल ना?" असं सरळ विचारा. काहींना स्वतःलाच चारचौघींत अवघडल्यासारखं होतं. त्यांना कुंकू नको असेल तर गंध लावा, फूल द्या. निर्णय त्यांचा असू द्या. ऐन वेळी सगळ्यांसमोर कुंकवाचं बोट पुढे करून मग घुटमळणं, हे मात्र फार लागतं.

कुणी "आपल्यात असं नसतं" म्हणालंच तर सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं, हे आपल्या गावात होणार नाही असं गावाने ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. एका खेड्याला जे जमलं ते आपल्या बैठकीच्या खोलीत जमायला हरकत नसावी.

हाच न्याय लग्न न केलेल्या, घटस्फोट झालेल्या मैत्रिणींना लावा. घरी कामाला येणाऱ्या मावशींना बाकीच्यांबरोबर, त्याच सतरंजीवर बसवा. स्वयंपाकघरात वाटी हातात देऊ नका. शेजारी दुसऱ्या धर्माच्या असतील तर त्यांनाही बोलवा. कुंकू लावून घ्यायचं की नाही ते त्या सांगतील, पन्हं सगळ्यांनाच आवडतं.

आलेल्या बाईचं काय काय करायचं? क्रम सांगा.

आल्या आल्या पाणी द्या, उन्हातून आलेली असते. मग ती गौरीला हळदकुंकू वाहील. त्यानंतर तुम्ही तिला आधी हळद, मग कुंकू लावायचं, अनामिकेने; तीही तुम्हाला उलट लावते. हाताच्या पाठीला अत्तर, गुलाबदाणीतून गुलाबपाणी, आणि मोगऱ्याचा गजरा. जुन्या घरांत याआधी हातांना उगाळलेल्या चंदनाचा लेप देत आणि त्यावर शिंपल्याच्या कडेने रेघा ओढत. सहाणेवर दोन चमचे चंदन उगाळायला दहाएक मिनिटं लागतात, पण एप्रिलच्या उकाड्यात त्या गार रेघा वाळताना त्वचा जी हलकेच ओढली जाते, ते सुख दुसऱ्या कशात नाही. घरात सहाण असेल तर एकदा करून बघाच.

मग बसवून डाळ आणि पन्हं. गप्पा. निघताना ओटी. ओटी आधी दिली तर तिला पदर सांभाळत खावं लागतं, म्हणून ती शेवटी. साडी नसेल तर ओढणीत, तीही नसेल तर कागदी पिशवीत घाला. पदर नाही म्हणून कुणी संकोचू नये.

गौर मांडायला आणि आरास करायला काय लागतं?

बहुतेक घरी अन्नपूर्णेची मूर्ती असते. ती पितळी किंवा चांदीच्या छोट्या झोपाळ्यात ठेवतात. आंब्याची डहाळी, मोगरा, समोर समई. पायऱ्यांची आरास, कमळासारखं कापलेलं कलिंगड, करंज्या-लाडवांची ताटं ही हौसेची बाब आहे. वेळ असेल तर करा.

त्यापेक्षा अंगणात किंवा दाराशी चैत्रांगण काढा. सूर्य, चंद्र, गोपद्मं, शंख, चक्र, तुळशीवृंदावन, कासव, नाग, पालखी, फणी-करंडा आणि मधोमध झोपाळ्यातली गौर. सगळी चिन्हं आली नाहीत तर येतात तेवढी काढा. घरातल्या मुलांना एकेक चिन्ह वाटून दिलं की ती चिन्हं त्यांच्या लक्षात राहतात.

संक्रांतीसारखं वाण द्यायचं का?

नाही. वाण लुटण्याची रीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात. चैत्रात भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी हेच देणं. प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या वाटायची गरज नाही.

डाळ आणि पन्हंच का?

कारण त्या दिवसांत तेच हाताशी असतं. हरभरा रब्बीचं पीक. फाल्गुनात काढणी होते आणि चैत्रात नवा हरभरा, नवी डाळ घरात आलेली असते. झाडाला कैऱ्या लागलेल्या असतात. घाम येऊन अंगातलं पाणी आणि मीठ जातं, आणि पन्ह्यात गूळ, मीठ, आंबट आणि पाणी चारही असतं. कर्नाटकातही चैत्रात भिजवलेल्या डाळीची कोसंबरी आणि पानक करतात, त्याचं कारण तेच.

आंब्याची डाळ किती जणींना किती भिजवू? कशी करू?

एक वाटी हरभरा डाळ भिजून सव्वादोन वाट्यांच्या आसपास होते. कैरी-खोबरं मिळून आठ-दहा जणींना पुरते, कारण एकीला दोन मोठे चमचेच वाढायचे असतात. तीस जणी येणार असतील तर तीन-साडेतीन वाट्या भिजवा, त्याहून जास्त नको.

डाळ चार ते पाच तास भिजवायची. रात्रभर भिजवली तर एप्रिलमध्ये तिला वास येतो. मग चाळणीत किमान अर्धा तास निथळायची. ही पायरी गाळू नका : पाणी राहिलं की डाळ गोळा होते आणि मोकळी राहत नाही. मिक्सरला थोडी थोडी घालून, थांबत थांबत फिरवा. पाणी अजिबात नाही. भरड रवाळ हवी. बोटांनी चोळली तर दाणा लागला पाहिजे, आणि मध्ये एखादी अख्खी डाळ राहिली तरी छान लागते. पाटा-वरवंटा असेल तर प्रश्नच नाही.

एका वाटीला अर्धी ते पाऊण वाटी किसलेली कैरी घ्या. आधी अर्धीच घाला, चव बघा. तोतापुरी घेऊ नका, तिला आंबटपणा कमी. बाजारात गावठी कैरी मागा आणि शक्य असेल तर जागेवरच चिरून चाखा. पाव वाटी ओलं खोबरं, कोथिंबीर, मीठ आणि चमचाभर साखर. साखर वगळू नका, ती आंबटाची धार कमी करते.

फोडणी सढळ हवी. दोन मोठे चमचे तेल, मोहरी तडतडली की हिंग, हळद, हिरवी मिरची, शेवटी एक-दोन सुक्या मिरच्या. हिंग नेहमीपेक्षा दुप्पट. फोडणी पूर्ण गार करून मगच डाळीवर घाला. गरम घातली तर डाळ अर्धवट शिजते आणि कैरीचा करकरीतपणा जातो. कालवायची हाताने, हलक्या हाताने.

कालवून झाल्यावर ती तीन-चार तासांत संपली पाहिजे, किंवा फ्रीजमध्ये गेली पाहिजे. म्हणून डाळ वाटून ठेवा, कैरी किसून ठेवा, खोबरं वेगळं ठेवा आणि पाच वाजता एकत्र करा. संध्याकाळभर लोक येणार असतील तर दोन हप्त्यांत कालवा.

कच्ची डाळ बाधत नाही का?

जास्त खाल्ली तर बाधते. वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना अर्धी वाटीसुद्धा जड होते. त्यांच्यासाठी वाटलेली डाळ दहा-बारा मिनिटं वाफवून, गार झाल्यावर मोकळी करून त्यात कैरी आणि फोडणी घाला. चव थोडी वेगळी येते, पण चांगली येते. हिंग आणि वरून गार ताक, याने बरंच सोपं होतं.

पन्हं उकडलेल्या कैरीचं की कच्च्या? गूळ की साखर?

दोन्ही प्रकार रूढ आहेत. कच्च्या किसाचं पन्हं ताजं, हिरवट, पातळ लागतं, पण ते लगेच प्यायचं. जास्त माणसांसाठी उकडलेल्या कैरीचंच करा. कैऱ्या कुकरला दोन शिट्ट्या देऊन गार करा, साल आणि बाठा काढून गर चाळणीवर घासून घ्या. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड, आवडत असेल तर केशर. गूळ विरघळेपर्यंत ढवळा. हा अर्क झाला. तो फ्रीजमध्ये चार दिवस राहतो, तेव्हा हे काम आदल्या रात्री नक्की करून टाका. देताना एका छोट्या पेल्याला दोन-तीन चमचे अर्क आणि गार पाणी. एवढ्यात दहा-बारा पेले होतात.

मी गूळच घालते. रंग काळसर येतो, काहींना तो आवडत नाही, पण गुळाच्या पन्ह्याला जी खोली असते ती साखरेला नाही. माठातलं पाणी वापरा; बर्फ घातला तर वेलदोड्याचा वास दबतो.

एक काळजी घ्या : पन्हं कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नका. आंबटाने ते कळकतं आणि पोटाला अपाय होतो. हौसेने आजीची घागर काढली असेल तर तिच्यात पाणी ठेवा, पन्हं स्टीलमध्ये किंवा चिनीमातीच्या बरणीत.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी गरात गूळ न घालता मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पुदिना घालून एक वेगळा तांब्या ठेवा आणि तो आहे हे आपणहून सांगा. बायका सहसा मागत नाहीत.

ओटीसाठी हरभरे किती भिजवायचे?

गावठी, बारीक, तांबूस हरभरे घ्या. एक किलो भिजून जवळपास दोन किलो होतात, आणि मूठ-मूठ दिले तर तीस-पस्तीस जणींना पुरतात. आदल्या रात्री भिजवून सकाळी उपसा, फडक्यावर पसरून कोरडे करा. ओले हरभरे ओटीत घातले की साडीला डाग पडतात. सोबत काकडी किंवा कलिंगडाची फोड, बत्तासे, खिरापत.

उपवासाच्या दिवशी केलं तर?

संकष्टी आणि एकादशी टाळा. डाळ आणि हरभरे उपवासाला चालत नाहीत, नुसतं पन्हं पिऊन बाई परत जाते. आणि महिनाभर अवधी असल्यामुळे सुतक आलं, घरात आजारपण आलं, तरी पुढचा दिवस सापडतो.

मी नोकरी करते, घर लहान आहे. तरी जमेल का?

जमेल. पाच जणी बोलावल्या तरी हळदीकुंकू होतं. अर्क आदल्या रात्री, हरभरे आदल्या रात्री, डाळ मात्र सकाळी निघताना बाहेर भिजवून ठेवू नका, घरच्या कुणाला तरी दुपारी बाराला भिजवायला सांगा. घरात कुणीच नसेल तर सकाळी भिजवून फ्रीजमध्ये ठेवा; गारव्यात ती दिवसभर चांगली राहते.

चाळीत किंवा सोसायटीत तीन-चार घरांनी मिळून एकत्र करणंही छान. एकीने डाळ, एकीने पन्हं, एकीने ओटी. गौर ज्या घरी बसते तिथे जमायचं. वाढायला पळसाचे द्रोण आणि घरातले स्टीलचे पेले काढा. प्लॅस्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताटल्या-पेल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसंही द्रोणातल्या डाळीचा वास निराळाच.

पाहुणी म्हणून जाताना काय लक्षात ठेवायचं?

दिलेल्या वेळेत जा, अर्ध्या तासात उठा. तीन घरी जायचं असेल तर पहिल्याच घरी सांगा, "डाळ थोडीच घाल गं, पुढे दोन घरं आहेत." कुणी रागवत नाही. नको असेल तर डब्यात मागून घ्या. टाकून देऊ नका. काही न्यायचंच झालं तर आपल्या दारची फुलं किंवा चार कैऱ्या न्या. आणि दुसऱ्या घरची आरास, दुसऱ्या घरची डाळ यांची तुलना तिथे बसून करू नका.

पुरुषांना आणि मुलग्यांना यात जागा आहे का?

आहे. कैऱ्या किसणं, पेले भरणं, खुर्च्या लावणं, भांडी आवरणं हे त्यांनी करावं, आणि मग डाळ खावी. बायकोला किंवा आईला न्यायला आलेल्याला जिन्यात उभं ठेवू नका, पन्ह्याचा पेला त्यालाही द्या.

आम्ही भारताबाहेर राहतो. कैरी मिळत नाही.

भारतीय दुकानांत किसलेली कैरी गोठवलेली मिळते. डाळीला ती चालते, आधी पाणी पिळून काढा. तीही नसेल तर आंबट हिरवं सफरचंद किसून त्यात लिंबू पिळा. हुबेहूब नाही लागत, पण करकरीतपणा येतो. पन्ह्याला मात्र सफरचंद नको, त्यापेक्षा कोकमाचं सरबत करा. तिकडे एप्रिलमध्ये थंडी असली तर डाळ वाफवलेली आणि कोकम कोमट पाण्यात. मोगरा नाही मिळाला तर जे फूल मिळेल ते.

डाळ आणि हरभरे उरले तर?

उरलेली डाळ त्याच रात्री कढईत थोड्या तेलावर परता, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, वाफ आली की परत मोकळी करा. पोळीबरोबर दुसऱ्या दिवशीच्या डब्याला ती उत्तम होते. हरभरे फडक्यात बांधून ठेवले तर दुसऱ्या दिवशी मोड येतात. त्यांची उसळ करा, उरलेल्या कैरीची एक फोड घालून. आणि पन्ह्याचा अर्क असेल तर तो टिकतो त्या चार दिवसांत रोज संध्याकाळी कामावरून येणाऱ्या प्रत्येकाला एकेक पेला.